अर्धवट राहिलेला रेंज ट्रेक: पुन्हा कधी निघावे?

लांब पल्ल्याची डोंगरयात्रा म्हणजे पाठीवर बिऱ्हाड घेऊन सलग अनेक दिवस रांगेवरून केलेली चाल. ती ठरल्याप्रमाणे पूर्ण होतेच असे नाही. पाण्याचा हिशेब चुकतो, गुडघा धरतो, वाट कारवीत हरवते, वनविभागाच्या नाक्यावरून पुढे सोडत नाहीत किंवा सोबत्याच्या घरून फोन येतो, आणि यात्रा मधल्याच एखाद्या घाटात मोडते. एका दिवसाचा किल्ला हुकला तर पुढच्या रविवारी जाता येते. आठ-दहा दिवसांच्या यात्रेला मात्र रजा, सोबत, शिधा, परवाने आणि ऋतू हे सगळे एकाच वेळी जुळून यावे लागते. म्हणूनच ती मोडली की पुन्हा कधी निघायचे हा प्रश्न अवघड होतो. तो नुसत्या हौसेवर सोडला तर उत्तर बहुधा चुकते. यात्रा ज्या कारणाने थांबली, त्या कारणातच दुसऱ्या प्रयत्नाची वेळ दडलेली असते, आणि प्रत्येक कारणाची मुदत वेगळी असते.

सातारा आणि सांगली जिल्ह्यांच्या पश्चिमेचा डोंगराळ पट्टा हा प्रश्न समजून घ्यायला फार उपयोगी आहे. लांब चालीला आडव्या येणाऱ्या बहुतेक गोष्टी इथे एकाच रांगेवर भेटतात.

रांगेची रचना

साताऱ्याच्या वायव्य टोकाजवळच्या प्रतापगडापासून सांगलीच्या शिराळा तालुक्यातल्या, वारणा नदीवरच्या चांदोली धरणापर्यंत सह्याद्रीची मुख्य धार उत्तर-दक्षिण पसरली आहे. सरळ रेषेत हे अंतर ९० किलोमीटरच्या आसपास भरते. चढ-उतार आणि वळसे धरून पायी ते कितीतरी वाढते. मधुमकरंदगड, महिमंडणगड, पर्वत, चकदेव, वासोटा, नागेश्वर, जंगली जयगड, कुंभार्ली घाट, भैरवगड, पाथरपुंज आणि प्रचितगड ही धारेवरची किंवा धारेलगतची ठिकाणे. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या क्रमांकपद्धतीत हा जवळजवळ सगळा टापू ४७ जी या गटाच्या नकाशांत येतो.

महाबळेश्वरला उगम पावणारी कोयना या धारेला समांतर दक्षिणेकडे वाहते आणि हेळवाकजवळ पूर्वेला वळते. कोयनेच्या पूर्वेला बामणोली-घेरादातेगड ही दुसरी रांग उभी आहे. कासचे पठार, ठोसेघर, चाळकेवाडी, सडावाघापूर आणि पाटणजवळचा दातेगड या बाजूला येतात. पश्चिमेची धार दाट जंगलाची, ओसाड आणि बरीचशी संरक्षित आहे. पूर्वेच्या रांगेवर गावे आहेत, एसटी आहे, गाडीरस्ते आहेत. आणखी पूर्वेला माण, खटाव, आटपाडी आणि जत हे दुष्काळी तालुके लागतात. महाबळेश्वरला वर्षाला सरासरी साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, तर आटपाडी-जत भागात तो ५०० मिलिमीटरच्या आसपास असतो. दीड-दोनशे किलोमीटरच्या आत असलेला हा फरक दुसऱ्या प्रयत्नाच्या आखणीत फार कामाला येतो.

थांबल्याची नोंद

यात्रा मोडल्यानंतर पहिल्या दोन दिवसांत सगळे तपशील कागदावर उतरवणे हे पहिले काम. आठवण लवकर सोयीची होते. थकवा विसरला जातो आणि एखाद्या सोबत्यावर किंवा हवामानावर सगळा दोष जातो. रोज किती वाजता चाल सुरू झाली व कधी संपली, सॅकचे वजन किती होते, दिवसाला किती पाणी लागले, ते कुठे मिळाले व कुठे मिळाले नाही, दुखणे पायाच्या नेमक्या कोणत्या भागात आणि चढावर की उतारावर सुरू झाले, झोप किती झाली, कोणत्या गावी उतरून यात्रा सोडली, या गोष्टी नोंदीत हव्यात.

या नोंदीवरून वरवरचे कारण आणि मूळ कारण वेगळे काढता येते. फेब्रुवारीच्या अखेरीस निघालेल्या ६० किलो वजनाच्या एका चालणाऱ्याचे उदाहरण घ्यावे. तिसऱ्या दिवशी उतारावर गुडघा दुखू लागला आणि त्याने यात्रा सोडली. कारण विचारले तर तो गुडघा सांगेल. नोंद मात्र निराळे सांगते. वाटेतले झरे आटलेले असल्याने त्याने सकाळीच सहा लिटर पाणी भरून घेतले होते. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. लांब चालीत सॅकचे वजन शरीराच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाच्या आत ठेवावे असा ठोकताळा आहे, म्हणजे त्याच्यासाठी १२ किलो. त्यातले निम्मे पाण्यानेच खाल्ले. शिधा, अंथरूण आणि कपडे धरून सॅक १८ किलोवर गेली. उतारावर प्रत्येक पावलाला गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या काही पट भार येतो, त्यात या वाढीव वजनाची भर पडली. मूळ कारण गुडघा नव्हे, महिना होते. गुडघा तीन आठवड्यांत बरा झाला म्हणून हा माणूस मार्चमध्ये पुन्हा निघाला, तर झरे आणखी आटलेले असतील, सॅक आणखी जड होईल आणि यात्रा बहुधा त्याच ठिकाणी मोडेल.

अपुरे काम पुन्हा हाती घेण्याची ओढ माणसात उपजत आहे. मारिया ओव्स्यांकिना या मानसशास्त्रज्ञ स्त्रीने १९२८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे दिसले की मध्येच थांबवलेले काम कोणी सांगितले नसताना, बक्षीस नसतानाही बहुतेक लोक संधी मिळताच पुन्हा सुरू करतात. अर्धवट यात्रेनंतर वाटणारी चुटपुट याच जातीची असते. ती परत जाण्याचे बळ देते. केव्हा जावे हे मात्र तिला कळत नाही. म्हणून परतल्यावर पहिले दोन आठवडे तारीख न ठरवणे बरे.

ऋतूचे गणित

घाटमाथ्यावर जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात पाऊस उतरतो आणि ऑक्टोबरच्या पूर्वार्धापर्यंत रेंगाळतो. या चार महिन्यांत लांब चाल धोक्याची असते. धुक्यात धार आणि कडा यांतला फरक दिसत नाही, ओढे तासाभरात फुगतात, शेवाळलेल्या कातळावर बूट टिकत नाही आणि दरडी कोसळतात. २२ ते २३ जुलै २०२१ या एका दिवसात महाबळेश्वरला सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याच अतिवृष्टीत पाटण तालुक्यातील आंबेघर, मिरगाव आणि ढोकावळे या गावांवर दरडी आल्या, माणसे दगावली आणि आंबेनळी घाटाचा रस्ता जागोजागी तुटला. अशा पावसाळ्यानंतर जुन्या वाटेची माहिती रद्द समजावी. मागच्या वर्षी पाहिलेली नाळ दगडांनी भरलेली असू शकते, पदरातली आडवी वाट वाहून गेलेली असू शकते. पहिला प्रयत्न आणि दुसरा प्रयत्न यांच्यामध्ये मोठा पावसाळा गेला असेल, तर गावकऱ्यांकडून वाटेची नव्याने खात्री करणे आवश्यक ठरते.

ऑक्टोबरच्या उत्तरार्धात पाणी भरपूर आणि हवा स्वच्छ असते, पण गवत पुरुषभर वाढलेले असते. पहाटेच्या दवाने ते ओले होते, त्यातून अर्धा तास चालले की पँट मांडीपर्यंत भिजते आणि पाणी बुटात उतरते. ओल्या मोज्यांत कुसळे घुसतात, टाचेची कातडी मऊ पडते आणि दुपारपर्यंत तिथे फोड उठतो. पायाखालची वाट दिसत नाही, कड्याची किनारही झाकलेली असते. कमी वर्दळीच्या धारेवर या काळात दिवसाचा पल्ला निम्म्यावर येतो.

नोव्हेंबरच्या मध्यापासून गवत वाळते. गावकरी ते कापून नेतात, गुरांच्या वाटा उघड्या पडतात आणि डिसेंबर-जानेवारीत वाटा स्पष्ट होतात. झरे आणि कातळातली टाकी अजून धरलेली असतात, रात्री थंड व दिवस सुसह्य असतात. लांब चालीला हाच काळ सर्वांत चांगला. त्याची अडचण एकच, दिवस लहान असतो. डिसेंबरच्या अखेरीस साताऱ्यात उजेड सुमारे ११ तास मिळतो, म्हणजे मे महिन्यापेक्षा दोन तास कमी. पहिल्या प्रयत्नात रोजचा मुक्काम अंधारात गाठावा लागला असेल, तर दुसऱ्या वेळी टप्पे लहान करावेत किंवा एक-दोन दिवस वाढवावेत.

फेब्रुवारीपासून हिशेब उलटतो. वाटा मोकळ्या असतात, पण लहान झरे आटतात. कातळटाक्यांतले पाणी हिरवे पडते. वणवे लागतात आणि ज्या दांडावर मुक्कामाचा बेत असतो तो जळून काळा झालेला आढळतो. मार्चपासून कोकणाकडच्या उतारावर दमट उष्मा वाढतो. आग्या मोहोळे कड्यांना लटकलेली असतात. एप्रिल-मेमध्ये दिवस मोठा मिळाला तरी भर दुपारचे चार-पाच तास चालण्याजोगे नसतात.

पाण्याअभावी किंवा उन्हामुळे यात्रा मोडली असेल, तर दुसरा प्रयत्न त्याच हंगामात करण्यात अर्थ नाही. पुढचा डिसेंबर हीच त्याची तारीख. गवतामुळे ऑक्टोबरमध्ये मोडली असेल, तर पाच-सहा आठवड्यांनी त्याच हंगामात निघता येते. धुक्याने किंवा अवकाळी पावसाने अडवले असेल, तर हवा स्वच्छ होईपर्यंत थांबणे पुरेसे असते.

जंगलाचे नियम

कोयना अभयारण्य १९८५ मध्ये जाहीर झाले. चांदोलीला त्याच वर्षी अभयारण्याचा आणि २००४ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. दोन्ही मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प अस्तित्वात आला, आणि २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा यादीत कास, कोयना व चांदोली यांचा समावेश झाला. चांदोलीच्या जंगलात २०१८ मध्ये स्वयंचलित कॅमेऱ्यात वाघ टिपला गेला. गवे, अस्वले आणि बिबटे इथले कायमचे रहिवासी आहेत.

वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ नुसार अभयारण्यात परवानगीशिवाय जाता येत नाही. वासोट्याला बामणोली किंवा तापोळ्याकडून कोयना धरणाचा शिवसागर जलाशय ओलांडून मेट इंदवलीच्या नाक्यावर नोंद करून जावे लागते आणि दिवसाउजेडी परतावे लागते. गडावर मुक्कामाला परवानगी नाही. साधारण जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत प्रवेश बंद असतो. नेमक्या तारखा दरवर्षी वनविभाग जाहीर करतो. चांदोलीत मणदूरच्या बाजूने ठरलेल्या रस्त्यानेच आत जाता येते. याचा अर्थ स्पष्ट आहे. वासोट्यापासून चांदोलीपर्यंतची धार मुक्काम करत सलग चालणे सर्वसामान्य परवानगीत बसत नाही.

अनेक रेंज ट्रेक या टप्प्यावर अडतात. अशा वेळी कितीही सराव केला, कितीही थांबले तरी दुसरा प्रयत्न पहिल्यासारखाच संपतो. परवानगीची अडचण लेखी अर्जाने किंवा मार्ग बदलूनच सुटते. अर्ज करायचा तर हंगामाच्या दोन-तीन महिने आधी, म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये करावा, आणि उत्तर हाती आल्याशिवाय रजा टाकू नये. मार्ग बदलायचा तर पूर्वेची रांग उपलब्ध आहे. तापोळा-बामणोलीकडून कासवर चढून ठोसेघर, चाळकेवाडी, सडावाघापूर, पाटण, दातेगड आणि पुढे पाटण-शिराळ्याच्या हद्दीवरचे गुढे-पाचगणीचे पठार ओलांडून वारणाकाठी उतरता येते. या मार्गावरही खासगी आणि वनविभागाच्या जमिनी लागतात, तेव्हा गावोगाव विचारूनच मुक्काम करावा. व्याघ्र प्रकल्पाच्या गाभा क्षेत्रातून चोरून वाट काढणे हा गुन्हा आहेच, शिवाय जखमी झाल्यावर मदत बोलावण्याची सोयही त्यात राहत नाही.

आणखी एक बदल ध्यानात घ्यायला हवा. कोयना आणि वारणा (चांदोली) धरणे व पुढे संरक्षित क्षेत्रे झाल्यावर या खोऱ्यांतली कित्येक गावे उठली. जुन्या वर्णनात ज्या वाडीवर मुक्काम, भाकरी आणि वाटाड्या मिळत असे, तिथे आज फक्त जोती उरली आहेत. माणसांचा वावर थांबला की वाट चार-पाच पावसाळ्यांत बुजते आणि पाणवठा गाळाने भरतो. वाट चुकल्याने यात्रा मोडली असेल, तर दुसऱ्या प्रयत्नाआधी फक्त त्या एका टप्प्याची दोन दिवसांची पाहणी करून यावी. आठ दिवसांच्या यात्रेत शोधाशोध करण्यापेक्षा ते कमी खर्चाचे आणि सुरक्षित असते.

शरीराची मुदत

दुखणे थांबणे आणि अवयव पुन्हा भार सोसण्याजोगा होणे यांत बरेच अंतर असते. फोड आठवड्याभरात भरतात, नवी कातडी घट्ट व्हायला आणखी थोडे दिवस लागतात. घोटा साधा मुरगळला असेल तर एक ते तीन आठवडे, अस्थिबंध अंशतः फाटला असेल तर तीन ते सहा आठवडे आणि पूर्ण फाटला असेल तर काही महिने जातात. तळपायाच्या हाडाला अतिश्रमाने बारीक तडा गेला असेल, तर सहा ते आठ आठवडे भार टाळावा लागतो. ही दुखापत पहिल्या दिवसांत साध्या सुजेसारखी भासते, म्हणून एकाच बिंदूवर दाबल्यावर कळ येत असेल तर तपासणी करून घ्यावी. गुडघ्याच्या वाटीमागचे दुखणे विश्रांतीने शमते, पण मांडी आणि नितंबाचे स्नायू बळकट केल्याशिवाय ते परत येते. त्या व्यायामाला दीड ते तीन महिने द्यावे लागतात. टाचेमागच्या कंडरेच्या दुखण्यालाही साधारण तेवढाच काळ लागतो.

उष्माघात ही वेगळी गोष्ट आहे. चालताना उन्हाने भ्रम झाला असेल किंवा शुद्ध हरपली असेल, तर किमान एक आठवडा कोणताही व्यायाम करू नये. नंतर वैद्यकीय तपासणी, मग थंड वेळेत हलकी चाल, आणि त्यानंतर दीड-दोन आठवडे हळूहळू उन्हाची सवय, असा क्रम पाळावा लागतो. डेंगी, विषमज्वर किंवा लेप्टोस्पायरोसिसचा ताप उतरला तरी अशक्तपणा काही आठवडे राहतो. दूषित पाण्याने कावीळ झाली असेल, तर यकृत पूर्ववत होईपर्यंत काही महिनेही जाऊ शकतात. या सगळ्या सर्वसाधारण मुदती आहेत. नेमकी तारीख डॉक्टरने तपासून सांगावी.

विश्रांतीची दुसरी बाजूही आहे. सराव पूर्ण थांबवला की दोन ते चार आठवड्यांत दमसास घटू लागतो. तो परत आणायला बहुधा तेवढेच किंवा जास्त दिवस लागतात. स्नायू तुलनेने लवकर तयार होतात, अस्थिबंध आणि कंडरा हळू. त्यामुळे महिन्याभराच्या सरावानंतर दम चांगला टिकतो, माणूस उत्साहाने मोठा पल्ला मारतो आणि कंडरा दुखावतात. म्हणून शरीराच्या कारणाने मोडलेल्या यात्रेसाठी बरे होण्याची मुदत आणि किमान सहा ते आठ आठवड्यांचा सराव, अशी बेरीज करून तारीख काढावी.

तयारीची चाचणी

तयारी झाली की नाही हे केवळ घरबसल्या ठरत नाही. त्यासाठी जवळच्या डोंगराची साधी परीक्षा पुरते. त्याआधी घरच्या घरी एका पायावर उभे राहून, भिंतीला बोट टेकवून, टाच वर-खाली उचलावी. दोन्ही पायांवर सलग २०-२५ वेळा सारख्याच जोराने जमले तर पोटरी आणि घोटा सावरल्याची ही चांगली खूण आहे. एक पाय दहाव्या वेळीच थरथरू लागला तर अजून थांबावे.

साताऱ्यात राहणाऱ्याला अजिंक्यतारा आणि यवतेश्वरचा घाट हाताशी आहेत. ठरलेल्या वजनाची सॅक घेऊन अजिंक्यतारा चढावा आणि विशेष लक्ष उतरण्याकडे द्यावे, कारण गुडघ्याची खरी कसोटी उतारावर लागते. हे एकदा जमले याला फार अर्थ नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पाय कसे आहेत ते पाहून लगेच पुन्हा तोच चढ-उतार करावा. लांब यात्रेत शरीर रात्रीत किती सावरते यालाच सर्वाधिक महत्त्व असते. शेवटची चाचणी दोन रात्रींची असावी. सलग तीन दिवस पूर्ण वजनासह चालल्यावर तिसऱ्या संध्याकाळी दुखणे पहिल्यापेक्षा वाढलेले नसेल, तर मोठ्या यात्रेची तारीख पक्की करायला हरकत नाही.

घाटमाथा बंद असतो त्या पावसाळ्यातही हा सराव चालू ठेवता येतो. वर्धनगड, महिमानगड, भूषणगड आणि शिखर शिंगणापूरचा शंभू महादेवाचा डोंगर सातारा जिल्ह्याच्या कमी पावसाच्या भागात आहेत. सांगलीकडे दंडोबाचा डोंगर, सागरेश्वर, मच्छिंद्रगड आणि बाणूरगड आहेत. जुलै-ऑगस्टमध्ये पश्चिमेला धो धो पाऊस कोसळत असताना या भागात हवा ढगाळ व सौम्य असते, पठारे हिरवी असतात आणि दिवसभर चालता येते. डिसेंबरच्या यात्रेची तयारी इथे जुलैपासून सुरू झाली तर वेळ कमी पडत नाही.

आरंभापासून की थांबल्या ठिकाणापासून

यात्रा जिथे थांबली तिथून उचलावी की नव्याने सुरू करावी, याला एकच नियम नाही. सलग चालण्याचाच संकल्प असेल तर आरंभ पहिल्यापासूनच हवा. संपूर्ण रांग पायाखालून घालायची असेल तर तुकड्या-तुकड्यांत केलेली यात्राही तितकीच पूर्ण. कोणते उद्दिष्ट आहे हे आधी स्वतःशी ठरवले की अर्धा गोंधळ मिटतो. नोकरी करणाऱ्याला आठ-दहा दिवस सलग मिळत नसतील, तर प्रतापगड ते तापोळा, तापोळ्याहून कासमार्गे पाटण आणि पाटण ते वारणाकाठ असे तीन भाग एकाच हिवाळ्यात करता येतात. भाग जोडताना शेवटची जागा नेमकी नोंदलेली असावी, म्हणजे मधला पट्टा सुटत नाही.

नव्याने सुरुवात करायची तर तोच आराखडा तसाच गिरवणे टाळावे. या बाबतीत अमेरिकेतील एमा गेटवूड यांचे उदाहरण बोलके आहे. अकरा मुलांची आई असलेल्या या बाई १९५४ च्या जुलैमध्ये, वयाची साठी उलटल्यावर, अपालाशियन ट्रेल या तीन हजार किलोमीटरहून लांब पायवाटेवर एकट्या निघाल्या. आरंभ त्यांनी उत्तरेकडच्या मेन राज्यातील कॅटाडिन पर्वतापासून केला. थोड्याच दिवसांत त्या जंगलात वाट चुकल्या, चष्मा फुटला आणि वनरक्षकांच्या सांगण्यावरून त्या घरी परतल्या. त्याच उन्हाळ्यात त्या पुन्हा गेल्या नाहीत. १९५५ च्या मेमध्ये त्यांनी दक्षिणेकडच्या जॉर्जिया राज्यातून सुरुवात केली आणि सप्टेंबरमध्ये कॅटाडिन गाठला. तेव्हा त्या ६७ वर्षांच्या होत्या. मेनचे जंगल तेवढेच अवघड होते, पण या वेळी ते शेवटी आले आणि तोवर चार महिने चाललेले पाय तयार होते. त्यांनी महिना बदलला, दिशा बदलली, मधल्या काळात घाई केली नाही. या पायवाटेवर सलग चालून जाण्याच्या इराद्याने निघालेल्यांपैकी सुमारे चौथा हिस्साच एका दमात शेवट गाठतो, हे ध्यानात घेतले म्हणजे अपुऱ्या यात्रेची लाज वाटण्याचे कारण उरत नाही.

सातारा-सांगलीच्या रांगेवरही क्रम उलटवून पाहता येतो. प्रतापगड-मधुमकरंदगडाकडचे उभे चढ-उतार पहिल्याच दिवशी, सॅक शिध्याने सर्वांत जड असताना येतात. दक्षिणेकडून निघाल्यास ते शेवटी येतात, तेव्हा सॅक हलकी आणि पाय सरावलेले असतात.

सोबत, रजा आणि घर

सोबत्यांशी चाल जुळत नसल्यानेही यात्रा मोडतात. वेगातला फरक पहिल्या दिवशी चालून जातो, चौथ्या दिवशी भांडण होते. अशा वेळी तारीख पुढे ढकलून उपयोग नाही, आधी दोन दिवसांची एखादी चाल नव्या सोबतीने करून पाहावी. तीन ते पाच जणांचा गट या भागात सोयीचा. एकाला दुखापत झाली तर एकजण त्याच्याजवळ राहतो आणि उरलेले गावातून मदत आणतात.

रजा मोजताना एक-दोन दिवस राखीव धरावेत. पहिली यात्रा रजा संपल्याने मोडली असेल तर बहुधा हे राखीव दिवसच नसतात. घरच्या जबाबदाऱ्यांचाही हिशेब हवा. घरात आजारपण असेल, मुलांच्या परीक्षा असतील किंवा शेतीत ज्वारीची काढणी असेल, तर अर्धे मन घरी ठेवून धारेवर चालणे धोक्याचे. कड्याच्या वाटेवर लक्ष ढळून चालत नाही. निघण्यापूर्वी रोजचे टप्पे, मुक्कामाची गावे आणि प्रत्येक टप्प्यावरून खाली उतरण्याची वाट घरी लिहून द्यावी. महाबळेश्वर ट्रेकर्स आणि सह्याद्री ट्रेकर्स या संस्थांचे कार्यकर्ते या भागात बचावकार्य करतात. हरवलेला माणूस कोणत्या खोऱ्यात शोधायचा हे ठाऊक असले तर त्यांचे कित्येक तास वाचतात.

तारीख काढण्याची रीत

सगळे मुद्दे एकत्र आणले की रीत सोपी होते. प्रथम मूळ कारण निश्चित करावे. मग ऋतू, परवानगी, शरीर आणि घर या चारही बाबी कधी अनुकूल होतील त्याच्या चार तारखा लिहाव्यात. त्यांतली सर्वांत उशिराची तारीख ही दुसऱ्या प्रयत्नाची लवकरात लवकरची तारीख. ती लांब चालीच्या चांगल्या काळात, म्हणजे नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंत, बसत असेल तर निघावे. बसत नसेल तर पुढचा हिवाळा धरावा.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात फोडांनी यात्रा मोडली, बाकी सगळे ठीक होते, तर बूट आणि मोजे बदलून जानेवारीत निघता येते. जानेवारीत घोट्याचा अस्थिबंध अंशतः फाटला, तर बरे होण्यास सहा आणि सरावाला आठ आठवडे धरून एप्रिलचा मध्य येतो. तेव्हा पाणी नसते, म्हणून खरी तारीख पुढच्या नोव्हेंबरअखेरची. मधले सात महिने वाया जात नाहीत, त्यात पूर्वेकडच्या डोंगरांवर पाय घडवता येतो आणि ऑगस्टमध्ये परवानगीचा अर्ज करता येतो.

चारही तारखा जुळल्या तरी एक अट राहते. मागच्या वेळेपेक्षा या वेळी नेमके काय वेगळे आहे, हे एका वाक्यात सांगता यायला हवे. सॅक पाच किलोने हलकी आहे, महिना फेब्रुवारीऐवजी डिसेंबर आहे, अडलेला टप्पा पाहून झाला आहे, असे ठोस उत्तर असावे. या वेळी जोर लावू, हे उत्तर पुरेसे नाही.

पुन्हा न निघण्याचा निर्णय

काही यात्रा अपुऱ्याच सोडणे योग्य असते. सांध्याची कायमची झीज, हृदयविकार किंवा कड्यावर वारंवार वाटणारे उंचीचे भय असेल, तर वाट बदलावी किंवा पल्ला लहान करावा. एकाच ठिकाणी, एकाच कारणाने दोनदा माघार झाली असेल, तर आराखडाच चुकीचा आहे असे समजून तो मोडून नव्याने मांडावा. आणि मनातून ओढ ओसरली असेल, केवळ चारचौघांत सांगितले होते म्हणून जायचे असेल, तर न जाणेच बरे. लांब यात्रेत चौथ्या-पाचव्या दिवशी थकवा आणि कंटाळा एकत्र येतात, तेव्हा पावले पुढे पडतात ती स्वतःच्या इच्छेवरच.

निघाल्यावरही निर्णय संपत नाही. दुसऱ्या प्रयत्नात माघारीची मर्यादा आधीच लिहून ठेवावी. कोणत्या टप्प्यावर किती वाजेपर्यंत पोहोचलो नाही तर खाली उतरायचे, पाणी किती उरले की पुढे जायचे नाही, दुखणे किती वाढले की थांबायचे, हे घरी शांत डोक्याने ठरवलेले असले की धारेवर वाद होत नाही. दोनदा थांबलेला माणूस तिसऱ्यांदा जाऊ शकतो. त्यासाठी दर वेळी धडधाकट परत येणे ही पहिली अट आहे.